पथ्याचं ताट

सेलू,
९ ऑगस्ट १९८७

प्रिय सूर्यभान,

तुझं सत्काराचं कार्ड काल पोचलं. एप्रिलमध्ये तुझ्या कमलचं लग्न झालं, त्यानंतर तुझ्या हातचं हे पहिलंच अक्षर. मधे मी तीन पोस्टकार्डं टाकली, एकाचंही उत्तर नाही. परभणीच्या अध्यापक विद्यालयात एका बाकावर बसलो त्याला सत्तावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तू माझ्याशी भांडलास पुष्कळदा, पण गप्प कधी बसला नव्हतास. आपलं काही शिल्लक आहे का, एवढंच मला विचारायचंय. त्याला एक ओळ पुरली असती. पण एका ओळीत खरं लिहायची मला सवय नाही, म्हणून जरा लांबून येतो.

आधी तब्येत. गेल्या दसऱ्याला माझ्या रक्तात साखर निघाली हे तुला ठाऊक आहेच. डॉक्टरांनी भात, पोळी, गूळ, साखर, बटाटा, केळी असं एकेक कागदावर लिहिलं आणि सगळ्यावर काट मारली. उरलं काय, तर अर्धी ज्वारीची भाकर, मेथी-पालक, मोडाची मटकी, ताक, मूठभर शेंगदाणे. एवढ्यावर माणूस जगतो का, असं विचारलं तर म्हणाले, यापेक्षा कमीत जगणारे तुमच्याच शाळेत येतात, गुरुजी.

पथ्य घरी पाळणं सोपं. कावेरीनं साखरेचा डबा असा लपवलाय की आता तिलाच सापडत नाही. कठीण ते पंगतीत. आपल्याकडं पाहुण्यानं नको म्हणणं हीच वाढण्याची खूण समजतात. पानावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. बारशाला गेलो तर म्हणाले, लेकराच्या नावानं एक घास खा. तेराव्याला गेलो तर म्हणाले, मेलेल्या माणसाचा आत्मा अडकंल. एका साखरपुड्यात वधूपित्यानं बुंदी वाढता वाढता ऐकवलं, "मी स्वतः वाढायलोय आन् तुमी नको म्हणायलाव?" जणू माझा आजार म्हणजे त्याच्या घराण्याचा अपमान.

मग मी लाज सोडली. पंगत बसायच्या आधीच सरळ स्वयंपाकाच्या जागी जायचो आणि बायामाणसांनाच सांगायचो, मला फक्त भाजी आणि ताक, असेल तर भाकर. देवगाव फाट्याला आमच्या संस्थेच्या माणिकरावांची वास्तुशांत होती. त्यांच्या मंडळींनी माझ्यासाठी वेगळी मेथी केली. मी दोन वाट्या खाल्ली आणि चारचौघांत वाखाणली. तालुक्यात नाव झालं, अनंतगुरुजी पथ्याचा पक्का माणूस, प्रत्यक्ष माणिकरावांची जिलेबी परतवली. खोटं नाही सांगत, त्या नावाचा मला अभिमान वाटायचा. आणि एकदा नाव झालं की ते कुठंही वापरता येतं.

कमलच्या लग्नाला मी तसंच वापरलं.

तुला वाटत असेल, मी विसरलो. मला सगळं आठवतंय. मानवतला शाळेच्या मैदानात मांडव, तिथं बुद्धवंदना झाली, टाळ्या झाल्या, पंगती बसल्या. आम्ही सेलूहून एका जीपमध्ये पाच जण आलो होतो, आमचे हेडमास्तर दत्तोपंत पुढच्या सीटवर. जेवायची वेळ आली तसा एकाचा गुरुवार निघाला, एकाचं पोट बिघडलं, दत्तोपंतांना परतायची घाई झाली. मला मात्र तू हाताला धरून खुर्चीवर बसवलंस. नर्मदावहिनी स्वतः ताट घेऊन आल्या. अर्धी भाकर, पालकाची भाजी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, तांब्याभर ताक. लग्नघरात, दोन हजार माणसांच्या धबडग्यात, माझ्यासाठी वेगळी चूल पेटवलेली. म्हणाल्या, "भावजी, साखरेचा कण न्हाई हो कशात. ह्यांनी कागदच लिहून दिल्ता मला."

माझ्या डॉक्टरचा कागद, सूर्यभान. तू तो माझ्या घरी कधी उतरवून घेतलास, मला कळलंही नव्हतं. त्या ताटात एकही पदार्थ असा नव्हता जो मला चालत नव्हता. आणि मी म्हणालो, वहिनी, डॉक्टरांनी वेळा बांधून दिल्यात, मी घरून खाऊन निघालोय.

वहिनींनी ताट तसंच धरलं होतं. मांडवाच्या दारात बूट घालत उभ्या असलेल्या दत्तोपंतांकडं तू एकदा पाहिलंस, मग माझ्याकडं, आणि वहिनींना म्हणालास, "ऱ्हाऊ दे. घेऊन जा ते."

मला किळस आली नव्हती. हे सांगून मी सुटत नाही, तरी सांगतो. होस्टेलवर तुझ्या आईच्या हातची भाकर मी तुझ्याआधी संपवायचो. मला फक्त भीती वाटली, दत्तोपंत सेलूत काय सांगतील याची. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, अठ्ठ्याहत्तरच्या जाळपोळीपासून दर आठवड्याला विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूनं साप्ताहिकात लिहिणारा, पंगतीत जात बघणाऱ्यांची टोपी उडवणारा, एका हेडमास्तरला घाबरला. त्या लिखाणाला लोक धारदार म्हणतात.

पुढचं तुला माहीत नाही. मी घरून खाऊन निघालो नव्हतो. साखर उतरवायची सकाळची गोळी मात्र घेतली होती, तीही रिकाम्या पोटी. परतताना जीपमध्ये हात कापायला लागले, घाम सुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. वाटेतल्या हॉटेलावर मला उतरवलं आणि मी सहा महिन्यांचं पथ्य मोडून गोड चहा प्यालो, वर चार पेढे खाल्ले. दत्तोपंत म्हणाले, "अहो, तिथं तर एवढं पथ्याचं करून ठेवलं होतं तुमच्यासाठी. खायचं ना." तो माणूस असं म्हणेल हे मला आधी कळलं असतं, तर मी जेवलो असतो. यापेक्षा वाईट वाक्य मी स्वतःबद्दल आजवर लिहिलेलं नाही.

आता कार्डाचं. नामांतरावरच्या लेखांसाठी मानवतला माझा जाहीर सत्कार, निमंत्रक म्हणून तुझं नाव छापलेलं. खाली निळ्या शाईत तुझ्या अक्षरात दोन ओळी: 'हार आणि भाषणं एवढंच आहे. जेवण ठेवलेलं नाही, तुला अडचण होणार नाही.' कावेरीनं कार्ड वाचलं आणि म्हणाली, किती जपतात हो भाऊजी तुमच्या साखरेला. मी हो म्हणालो. सूर्यभान, वहिनींशी खोटं बोललो तेव्हा निदान भीती होती. काल घरात कोणाची भीती नव्हती, तरी जीभ आपोआप वळली. म्हणून आज तिला समोर बसवून सगळं सांगितलं, आणि मग हे लिहायला घेतलं. सत्कार रद्द कर, कारण विचारलं तर खरं सांग, माझी हरकत नाही. आणि नर्मदावहिनींना हे पत्र वाचून दाखव. त्या म्हणाल्या तर मी येईन, आणि दत्तोपंतांना सांगून येईन, कुठं जेवायला चाललोय ते. त्या नको म्हणाल्या, तर त्यांचं बरोबर आहे. तसंही कळव.

अजूनही म्हणू दिलंस तर तुझाच,
अनंता