साहेबांची खुर्ची, नवी गादी

कळमनुरी, ४ नोव्हेंबर २००३

खुर्ची तीच! नीलाबाईंनी खात्री दिली. दादा कचेरीत शिपाई होते तेव्हा त्या तिथे झाडायला होत्या. खुर्चीच्या डाव्या हातावरचा काळा डाग दाखवून म्हणाल्या, ‘जुन्या साहेबाची सिगरेट. तुज्या बापानं किती घासला, पण गेला न्हाई.’

काल भंगारवाल्याकडे दिसली, उचलून आणली. सागवान पक्कं. गादीच्या चिंध्या.

दादांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन अठरा दिवस झाले. डॉक्टरांचं म्हणणं साफ — बसवा, उभं करा. आणखी पंधरा-वीस दिवस पडून राहिले तर पुन्हा चालणं कठीण. दादा खाटेवरून हलत नाहीत. वॉकर खाटेला लागून कोरा उभा. प्लास्टिकची खुर्ची जवळ नेली की भिंतीकडे तोंड.

या खुर्चीत तरी बसतील. पस्तीस वर्षं तिची धूळ पुसली, एकदाही टेकले नाहीत.

६ नोव्हेंबर

टेम्पोत घालून वारंगा फाट्याला नेली. संतराम कुशनवाला ट्रकच्या सीटा शिवतो. त्याने रेक्झिन फाडलं — हिरव्याखाली तपकिरी, त्याखाली लाल, त्याखाली खादीचं कापड.

‘जुनं कोणी काढलंच न्हाई. नवा साहेब आला की वरून नवं चढवलं!’

सगळं काढा म्हटलं. आतला काथ्या पिठासारखा गळाला. दोन स्प्रिंगा तुटलेल्या.

‘आठ दिवस.’

‘चार द्या.’

‘तुमची बातमी उद्या रद्दी व्हते साहेब. माझी शिवण वीस वर्षं चालते.’

आठ दिवस कबूल केले.

९ नोव्हेंबर

दोन बातम्या फॅक्स केल्या. दादांचं अंग पुसलं. पाठीवर लाल चट्टा उठतोय. दमलो.

१२ नोव्हेंबर

वारंग्याला गेलो. नवे पट्टे ताणून झालेत, काथ्या भरलाय, वर जवळा बाजारचा कापूस. संतरामला मापाला माणूस हवा. दादा कसे येणार? मीच बसलो.

‘सरळ बसा की! उठायच्या घाईत असल्यागत काहून बसून राहिले?’

खरंच टोकावर बसलो होतो. मागे टेकवेना.

१५ नोव्हेंबर

आली. गडद निळं कापड, पितळी खिळ्यांची रांग, पॉलिश. डाग तेवढा ठेवायला सांगितला होता.

दादांनी हात लांब करून उशाचं उपरणं घेतलं आणि पडल्या पडल्याच खुर्चीचा हात पुसला.

‘बसता का, दादा?’

‘कोणाची हाय माहीत हाय ना?’

‘आता तुमची आहे.’

‘हूं.’ भिंतीकडे तोंड.

१६ नोव्हेंबर

नाही बसले.

१८ नोव्हेंबर

संध्याने समजावून पाहिलं. ‘मामंजी, तुमच्यासाठी हे वारंग्याला तीन खेपा घालून आले.’

‘मंग त्यालाच बसव.’

रात्री संध्या मला म्हणाली, ‘तुम्ही खुर्ची दुरुस्त केली. त्यांनी मागितली होती का?’ पाठीचा चट्टा आता फुटायला आलाय. खुर्ची विकून टाकावी.

२० नोव्हेंबर

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याची बातमी साडेपाचपर्यंत द्यायची होती. माझं बसायचं स्टूल शेजाऱ्यांकडे गेलेलं. निळी खुर्ची टेबलाशी ओढली, बसलो, लिहू लागलो. दोन ओळी झाल्या असतील, मागे खाट करकरली.

वळून बघतो तर दादा वॉकर धरून उभे! पाय थरथरत होते, मान ताठ.

‘दादा! काय झालं?’

‘काय व्हणार? या खुर्चीत माणूस बसला अन् मी पडून राहू काय?’

मी उठायला लागलो. दारातून संध्या दोन्ही हातांनी खुणावत होती — बसा, बसा!

बसलो. अक्षर वाकडं येत होतं. सात मिनिटं ते माझ्या मागे उभे होते. मधेच म्हणाले, ‘लिही बराबर.’

मागे वळून त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

२१ नोव्हेंबर

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, कशाने का होईना, उभे राहिले ना? रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं.

उद्या सकाळी आठला मी पुन्हा त्या खुर्चीत बसणार आहे. संध्याने शर्टाला इस्त्री करून ठेवलीय.