स्कॅनर म्हणतो, गाडी ठणठणीत

३ तारीख, सोमवार
आजपासून गॅरेजची पायरी चढायची नाही. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलाय, गाडी गचके खातेय, म्हणून बायको गॅरेजचा धोशा लावून बसली होती. मी वायरलेस स्कॅनर मागवला. काडेपेटीएवढा असतो. स्टिअरिंगखाली खोचायचा, मोबाइलला जोडायचा, की गाडी आपलं दुखणं आपणच सांगते.
तेरा तारखेला सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दोन वर्षं नाही नाही म्हणत होत्या, आता कशाबशा तयार झाल्यात. हुकलं तर पुन्हा नाव काढणार नाहीत, असं बायकोने बजावलंय. न्यायचं काम माझ्याकडे.

५ तारीख, सकाळी
स्कॅनर खोचला. मोबाइलवर एकाच नावाची दोन यंत्रं दिसली. मोबाइल जुना झालाय, एकाचे दोन दाखवतो. वरचं दाबलं. पासवर्ड १२३४. एक दोष निघाला, कुठल्याशा सेन्सरचा. ‘पुसा’ दाबलं, पुसला गेला. यासाठी गॅरेजवाले दिवसभर गाडी ठेवून घेतात.
पिवळा दिवा तसाच. दिव्यातच बिघाड असणार.
शेजारच्या पार्किंगमध्ये निवृत्त हेडमास्तर रोजच्यासारखे गाडी चालू ठेवून बातम्या ऐकत बसले होते. घरी त्यांची बायको रेडिओ लावू देत नाही म्हणे. त्यांना स्कॅनर दाखवणार होतो, पण या वयात त्यांना काय झेपणार.

७ तारीख, सकाळी
इंजिन बंद केलं तरी मोबाइलवर मिनिटाला आठशे फेरे चालूच. बायको म्हणाली, बंद इंजिन फिरेल कसं. तिला समजावलं की आधुनिक गाड्या पूर्ण बंद अशा कधी होतच नाहीत. कुठे वाचलं ते आठवत नाही.

संध्याकाळी
स्कॅनर ‘माहिती नाही’ म्हणतो. दमला असेल. यापुढे तपासणी सकाळीच.

१० तारीख
गचके वाढले. चढावर गाडी कण्हते. स्कॅनर म्हणतो, दोष नाही. मी यंत्राचं ऐकणार. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली, आता बरं वाटतंय.
बायकोने विचारलं, टॅक्सी सांगून ठेवू का. मी दुखावलो. दिवसभर बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही.

१३ तारीख, दुपारी, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये
निघण्याआधी तपासलं होतं. सगळं उत्तम. सासूबाई मागे जीव मुठीत धरून बसलेल्या. फाटकाशीच गाडीने दोन गचके दिले आणि बंद पडली. काही केल्या सुरू होईना. मोबाइल म्हणतोय, दोष नाही. सासूबाई म्हणाल्या, हा अपशकुन आहे, घरी चला. बायको माझ्याकडे बघत होती. ते बघणं लिहून ठेवण्यासारखं नाही.
हेडमास्तर बातम्या सोडून आले. आधी गाडी ढकलून बाजूला केली, मग सासूबाईंना गोड बोलून स्वतःच्या गाडीत बसवलं. मी पुढे बसलो. त्यांच्या वेगाच्या काट्यावर चाळीस, माझ्या मोबाइलवर चाळीस. ते सिग्नलला थांबले, मोबाइलवर शून्य. मी वाकून स्टिअरिंगखाली पाहिलं. तिथे काडेपेटीएवढा स्कॅनर. माझ्यासारखाच.
ते म्हणाले, वर्षापासून वापरतोय, फार उपयोगी वस्तू आहे. गेल्या आठवड्यात एक दोष दाखवत होता, तो आपोआप गेला.
मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ऑपरेशन वेळेवर झालं.

१४ तारीख
पट्टी निघाली. सासूबाईंना छान दिसतंय. दुसऱ्या डोळ्यालाही लगेच तयार झाल्या, फक्त हेडमास्तर नेणार असतील तर. बायकोने त्यांना विचारूनही टाकलं. त्यांच्या गाडीचा दोष मीच पुसला, हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण मग बाकीचंही सांगावं लागलं असतं.
बायको म्हणाली, त्या दिवशी तू रजा घेऊ नकोस. गाडीत माझ्यापुरती जागा असेल, असं मी सुचवून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, येताना मला जरा आडवं व्हायला लागेल.