नातीच्या पेजवरचा ओढा

३ मार्च, सकाळी ६
डोळे उघडायच्या आधीच कानात तो आवाज. लाकडी फळी वर ओढल्याची करकर आणि मग घळघळ, घळघळ. रोज संध्याकाळी पाचला आमच्या रंगाच्या कारखान्यातल्या टाक्या मागच्या ओढ्यात रिकाम्या व्हायच्या, त्याचा. कारखाना बंद होऊन तीस वर्षं झाली. ऐकणारा मी एकटाच उरलो. हिला विचारलं, तुला येतोय का ऐकू? म्हणाली, वरच्या मजल्यावरचा फ्लश आहे तो.

४ मार्च
नात आली होती. तिची कपड्यांची कंपनी आहे. पर्यावरणपूरक. थोडं पाणी, झाडापानांचे रंग. एका बड्या दुकानसाखळीशी बोलणी चालू आहेत. होकार आला तर तिच्याकडे शिवणाऱ्या चौदा बायकांना वर्षभराचं काम. निर्णय ३१ तारखेला. पण ती मंडळी आधी कंपनीचं पेज तपासतात. लोकांना हल्ली स्टोरी लागते आजोबा, म्हणाली. तीन पिढ्यांचा रंगाचा वारसा वगैरे. तुम्ही आठवणी लिहा, मी बघून टाकते.
बघून कशाला? शाळेत पाठांतरात पहिला होतो मी. पासवर्ड मागून घेतला.
संकल्प: रोज एक पोस्ट, पहाटे पाचला.

७ मार्च, सकाळी १०
पहाटे पाचला मी उठलो. गुडघे उठले नाहीत.
पहिली पोस्ट आत्ता टाकली. लाईक चार. एक माझा. एक हिच्या फोनवरून, तोही मीच दिला. उरलेले दोघे रसिक.

१२ मार्च
नातीच्या मार्केटिंगवाल्या बाईंचा फोन. काका, ‘निसर्गाशी जुनं नातं’ असं लिहून भागत नाही हो. पुरावा लागतो, आकडे लागतात. नुसती विशेषणं चालत नाहीत. बाईंना विशेषणांचं वावडं दिसतं. शाळेत मराठीला कोण होतं कोण जाणे.
ठीक आहे. आकडे तर आकडे.

१५ मार्च, दुपार
आयुष्यातली सर्वांत सुंदर पोस्ट आज झाली.
‘सोमवारी लाल ओढा, मंगळवारी निळा,
आठवड्याला इंद्रधनूच्या सातरंगी माळा.’
बुधवारी पिवळा असायचा, पण मात्रा जुळेनात. खाली आकडे दिले. टाक्या सहा, रोज पाचला, चाळीस वर्षं. बेडकांच्या पाठीसुद्धा जांभळ्या व्हायच्या, तेही लिहिलं. कारखान्याचं नाव, ओढ्याचा ठावठिकाणा, सगळं. पुरावा हवा होता ना.

१६ मार्च
अकरा हजार लोकांनी वाचली. हिरव्या तोंडाचे चेहरे शेकड्यांनी आलेत. पर्यावरणप्रेमींची खूण असावी. एकाने लिहिलंय, वाचून पोटात ढवळलं. इतकी उत्कट दाद आमच्या मास्तरांनीही कधी दिली नव्हती.
नातीचे सतरा मिस्ड कॉल. अभिनंदन उद्या घेईन. दाद वाचूनही माणूस थकतो.

१७ मार्च
अभिनंदन नव्हतं.
नात ओरडली नाही, हेच वाईट. म्हणाली, आजोबा, विष होतं ते. म्हटलं, तेव्हा असं कुणी म्हणत नसे. म्हणाली, तुम्ही तेव्हा विचारलं होतंत कुणाला?
पासवर्ड बदलला. ही म्हणाली, बरं झालं, आता भाजी निवडायला मोकळे झालात.

२० मार्च
कंपनीचा खुलासा पेजवर: ‘सदर ओढा ही आमच्या आजोबांची कविकल्पना आहे. असा ओढा अस्तित्वात नव्हता.’
दुकानवाल्यांचं समाधान झालं म्हणे. चौदा जणींचं काम वाचलं. शिवाय कवी म्हणून माझा पहिला जाहीर उल्लेख. आनंद व्हायला हवा होता. दोन घास कमी गेले. हवामान असावं.
संकल्प: आत्मचरित्र. त्यात ओढा खरा.

२५ मार्च
आत्मचरित्राचं नाव ठरलं. आज इतकंच. पाठ धरली आहे.

२९ मार्च, सकाळी ११
बेल वाजली. दारात पांढऱ्या केसांच्या एक बाई, माझ्याच वयाच्या. जिना चढून धाप लागलेली. ओढ्यावर लिहिणारे ते तुम्हीच का, म्हणाल्या. सही हवी होती.
शेवटी चाहता आला. घरापर्यंत आला. ‘सही हवी आहे म्हणे’ असं जरा मोठ्याने म्हणालो, हिला आत ऐकू जावं म्हणून. केसांवरून हात फिरवला.
बाईंनी पिशवीतून कागद काढला. वहीचा नव्हता. अर्ज होता.
ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांची वस्ती. सुनेने पोस्ट वाचून दाखवली. म्हणाल्या, तुमचे लाल-निळे आमच्यापर्यंत येईतो काळे व्हायचे. आमच्या विहिरी अजून बंद आहेत हो. तपासा म्हणून आमच्या माणसांनी चपला झिजवल्या, पण रंग सोडत होतो असं कुणी कबूलच केलं नाही. तुम्ही पहिले. आणि आता तुमचीच कंपनी म्हणते, ओढा नव्हताच. तर खरं काय ते इथे लिहा आणि खाली सही करा, एवढंच.
सही केली तर परवा चौदा जणी घरी बसतील. नाही केली तर ओढा कधी नव्हताच.
ही बाहेर आली. बाईंना पाणी विचारलं. त्यांनी पिशवीतली बाटली दाखवली. स्वतःचं पाणी घेऊनच हिंडते म्हणाल्या, लहानपणची सवय.
पेन सापडत नाही असं सांगून मी आत आलो आहे. वीस मिनिटं झाली. बाई बसून आहेत. त्याच पेनाने हे लिहितो आहे.