पायाळूचा पाय

मंगळवार, दिवेलागण

मी पायाळू. जन्मताना पाय आधी आले, म्हणून गल्लीत कुणाला उसण भरली की माझी लाथ घ्यायला येतात. एरवी मोठ्या भावाला पाय लावायचा न्हाई, पण उसणीला चालतं म्हणे. दादाचं राजूरला देवळापाशी नारळाचं दुकान. पोती उचलून कंबर धरली, असंच आम्हाला सगळ्यांना वाटलं. दिवाळीपासून जालन्याला आला की तो माझ्यापुढे पालथा पडायचा आणि मी लाथ मारायचे. हसत हसत मारायचे!

आज एमआरआय झाला. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून फिल्म दाखवली. सगळे मणके राखाडी, एकच काळा. म्हणाले, "ही उसण नाही, नसही दबलेली नाही. मणक्यात गाठ आहे, आतून पोखरलाय. सुईनं तुकडा काढून तपासू. तोवर धक्का लागू देऊ नका, मोडेल."

धक्का. तेव्हापासून माझाच पाय माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दादाला एवढंच सांगितलं, की अजून एक तपासणी बाकी आहे. भित्री कुठली मी.

मघाशी चहा झाला आणि तो सतरंजीवर पालथा पडला. "मशीनीनं काय व्हतंय? तू पाय लाव गं, जल्दी आराम पडतो."

मी खाली बसले. त्याच्या कमरेवर तळहात ठेवला, नुसता ठेवला.

"आज लई हलका पडला गं पाय तुझा," दादा म्हणाला. "जरा जोरात मार की."