अनुपमाच्या मागचा आकडा

२ फेब्रुवारी
॥ श्री वीरेश्वर प्रसन्न ॥
लग्न लागलं. पोलादपूरच्या डोंगरातली ठमा आज महाडची सौ. अनुपमा झाली. मला आजीचं नाव ठेवलेलं. शाळेत पोरी ठमाकाकू म्हणून चिडवायच्या. यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव काढलं, तेव्हा मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले. हे विधुर, एवढं माहीत होतं. माझ्यानंतर या घरात कोणी येणार नाही, असं यांनी देवळात पिंडीवर हात ठेवून सांगितलं. घर ऐसपैस. नळाला दिवसभर पाणी.

११ फेब्रुवारी
यांचं संगणकाचं दुकान पुढच्या खोलीत. घरखर्च मी वहीत लिहिते हे बघून हसले. म्हणाले, मशीनवर लिही. काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करायचा. मी विचारलं, उद्याचा हिशोब त्याच नावानं ठेवला तर आजचा पुसला नाही का जाणार? तर म्हणे, वेडे, नवी फाइल तेच नाव घेते आणि जुनीच्या मागे आकडा लागतो, एक, दोन, असा. जुनी कुठे जात नाही, बाजूला बसते. मला फार आवडलं. आमच्याकडे फाटक्या परकराचंसुद्धा पोतेरं होतं. दुसरीही एक रीत असते. मागची एकच प्रत ठेवायची, नावाला नागमोडी शेपटी लावून; पुढची आली की ती कायमची पुसायची. जागा वाचते म्हणे.

३ मार्च
सासूबाईंनी पहिलीचे ब्लाउज दिले. एक टाका उसवावा लागला नाही. शेजारच्या काशीबाई भेटल्या. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाल्या, काय गो अनुपमा, बरी हायस ना आता? म्हणजे पहिलीचंही हेच नाव. यांना विचारलं, तर म्हणाले, हाक मारायची सवय झालीय, कशाला बदलायची? वाईट वाटलं. पण गेलेल्या बाईचा काय हेवा करायचा!

१९ मार्च
सासूबाई बाजारात गेल्या म्हणून माळ्यावर परात आणायला चढले. वर दोघी बसल्या आहेत. जिवंत. भिंतीला टेकून. त्यांचे चेहरे माझ्यासारखे होते, की माझाच तसा होत चाललाय? एकीच्या मनगटावर एकाचा आकडा, दुसरीच्या दोनचा. विचारलं, बाई, तुम्ही कोण? दोघी म्हणाल्या, अनुपमा. माहेरचं नाव विचारलं तर एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

२० मार्च
भावाला फोन केला. रडले. तो म्हणाला, आम्हाला ठावं होतं गो, पण तुझं वय झालेलं. दिल्या घरी राहा.
माझा सख्खा भाऊ.

८ एप्रिल
यांना तोंडावर विचारलं. रागावलेसुद्धा नाहीत. कुणाला हाकललं का मी? ताट वर जातंच की, म्हणाले. शपथेचं काढलं तर फोनमधला फोटो बघत बसले. श्रुतिका. पनवेलची, पदवीधर. सासूबाई म्हणाल्या, माळ्यावर जागा नाय रे आता. हे म्हणाले, मग यापुढे मागची एकच ठेवू.
म्हणजे मी वर गेले की त्या दोघी पुसल्या. श्रुतिका वर आली की मी.

२२ एप्रिल
पळाले. वीर स्टेशनला जायला रिक्षा धरली. रिक्षावाल्यानं नाव विचारलं. ठमा म्हणायला गेले — अनुपमाच आलं. तो हसला, म्हणाला, वैनी होय — आणि वळवून परत दारात आणून सोडलं —

२६ एप्रिल
माळा. खाली मंगलाष्टकं.
एकीचा हात धरलाय. हलका — धरलाय की नाही — दुसरी मघापर्यंत होती —
मनगट जळतंय. आकडा नाही. नागमोडी काहीतरी —
देवा, तुझ्या पिंडीवर हात ठेवला होता यांनी. तू तरी —
सासूबाईंनी हाक मारली, अनुपमा गो! मी तोंड उघडलं.
ओ खालून आली. माझ्याच आवाजात.
मी इथे — मी —