या वर्षी संविधानावर नाको बोलणार

१२ सप्टेंबर
हेडबाईंनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, पाच ऑक्टोबरला आपल्या वानुआतूच्या संविधान दिनाचं भाषण या वर्षी नाको करेल. नाको म्हणजे फेब्रुवारीत टान्ना बेटावरून आलेला, खेळ आणि गाणी शिकवणारा. दरवर्षी भाषण मी करतो. टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात. मत्सर हा माझा विषयच नाही. माझा विषय नागरिकशास्त्र.

१३ सप्टेंबर
बायको म्हणाली, रात्रभर कुशी बदलत होतात, जळताय. म्हटलं, उकडत होतं. ती म्हणाली, मी तर पांघरूण घेऊन झोपले होते.

१६ सप्टेंबर
नाको घरी आला. म्हणाला, मास्तर, काय बोलू ते सांगा ना. मोठ्या मनाने मदत केली. प्रजासत्ताक, संसदेची चार वर्षांची मुदत, राष्ट्राध्यक्षांची निवड, एवढं दिलं. वानुआतूची जमीन इथल्या मूळ मालकांचीच, बिस्लामा ही राष्ट्रभाषा, हे रंगणारे भाग राहिले. विसरलो.

२० सप्टेंबर
नाकोच्या वर्गावरून सहज जात होतो. तिसऱ्यांदा. आत हशा. मूलभूत हक्क चाललेत म्हणे! एका पोराचं डुक्कर दुसऱ्याच्या रताळ्यांत शिरलं, तर त्या पोराचं म्हणणं न ऐकता त्याला दोषी ठरवायचं का, असा खोटा खटला. न्यायाधीश कोण, तर माझी मुलगी लेइविया. घरी विचारलं, माझ्या वर्गात तोंड का उघडत नाहीस? म्हणाली, बाबा, तुमच्या वर्गात फळ्यावरचं उतरवून घ्यायचं असतं.

२१ सप्टेंबर
मुलांना हक्क आणि कर्तव्यं समजावणं हे आईबापाचं कर्तव्य. संविधानातच आहे. जेवताना सुरू केलं. लेइवियाने विचारलं, मुलांना उठून जायचा हक्क आहे का? तिच्या आईने परस्पर निकाल दिला, आहे.

२६ सप्टेंबर
गावच्या चीफकडे गेलो. तक्रार नव्हे, सूचना. म्हटलं, आपल्या नाकामालात, जिथे वाडवडील सभेला बसले, तिथे परक्या बेटावरच्याने बोलावं का? चीफनी कावा पिता पिता करवंटी खाली ठेवली. म्हणाले, देशात कुठेही जायचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे ना? दरवर्षी तूच सांगतोस.
मला वाटायचं, माझ्या भाषणात ते झोपतात.

२ ऑक्टोबर
निर्धार. भाषणानंतर एकच प्रश्न विचारायचा. कर्तव्य चुकवलं तर नागरिकाला कोर्टात खेचता येतं का? नाकोला उत्तर येणं शक्य नाही. सगळ्या गावासमोर विचारायचं, पण प्रेमाने.

५ ऑक्टोबर
भाषण छोटं झालं. गाव पोट धरून हसलं. मी उठलो, प्रश्न विचारला. नाको म्हणाला, नाही माहीत, मास्तर, तुम्हीच सांगा. आणि खाली बसला.
मी पुढे गेलो. प्रस्तावनेपासून घेतलं. जमीन, भाषा, चीफांचं मंडळ, कायद्यापुढे सगळे समान, काही सोडलं नाही. कर्तव्यांपर्यंत आलो तेव्हा बाहेर जेवणासाठी लापलापची, पानांत भाजलेल्या कंदांची, पुडकी उघडली होती. वास आत आला. आधी मुलं उठली, मग बायका, माझीही. मग पुढची रांग. चीफ जाताना मान डोलावून गेले. दुसऱ्याच्या हक्कांचा आदर करा, असं म्हणून मी थांबलो तेव्हा समोर एकटा नाको. मांडी घालून, नजर माझ्यावर.
म्हणाला, मास्तर, कोर्टाचं राहिलं.
म्हटलं, उद्या सांगतो.
बाहेर डुकराचं मांस संपलं होतं. त्याच्यासाठी कुणीतरी ठेवलेलं त्याने माझ्या पानावर अर्धं वाढलं. खाल्लं. माझं भाषण शेवटपर्यंत ऐकणारा आजवर एकच भेटला, आणि तो नेमका हा निघावा.