पॅरिसचा आग्रह

३ मार्च
जेवताना प्रज्ञेशने जाहीर केलं, मे महिन्यात सगळे पॅरिसला. आई, येतेस ना, म्हणाला. मी म्हटलं, मला काय करायचंय, तुम्ही जा. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणं शोभत नाही. दुसऱ्यांदा विचारेल तेव्हा 'बघू' म्हणायचं, तिसऱ्यांदा नाइलाजाने हो. ह्यांना विचारलं, तर तोंडात भाकरी असतानाच हो म्हणाले. सदुसष्टाव्या वर्षी! असो. गुडघा पाहता हे नाव आपोआप गळेल.

४ मार्च
नातवंडांना तयार करणं माझंच काम. घरात फ्रेंच शिकलेली मी एकटी. एकोणऐंशी साली बी.ए.ला एकाहत्तर मार्क. माळ्यावरून डिक्शनरी काढली. आत नदीवरच्या पुलाचं पोस्टकार्ड तसंच होतं. सरांनी बक्षीस दिलेलं. तेव्हापासून हा पूल बघायचा आहे. हे कुणाला सांगायची गरज नाही.
रोज सकाळी साडेसहाला क्लास. मैत्री अकरा वर्षांची, सोनू सात. हे आपणहून येऊन बसले आणि झोपले.

९ मार्च
नियम पहिला: दुकानात शिरताच आधी अभिवादन, मग खरेदी. फ्रान्समध्ये याला फार महत्त्व. खाली कोंडीरामच्या दुकानात प्रॅक्टिकल घेतलं. दोघं दारातून मोठ्यांदा बोंजूर म्हणाली. कोंडीराम म्हणाला, काकू, नमस्कार घरून करून यायचं, इथे काय हवं ते बोला.
दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. फ्रान्समध्येही तसंच. फ्रेंच लोक स्वभावाने आपल्या बिबवेवाडीचेच असणार. तिथे मला काही जड जाणार नाही.

१२ मार्च
सोनू चॉकलेटसाठी पाचदा विचारतो. दोघांच्या वहीत नियम चौथा लिहून दिला: आजी नाही म्हणाली म्हणजे नाही. पुन्हा विचारणारा क्लासबाहेर. मैत्रीने तो सबंध घराला वाचून दाखवला. गुणी मुलगी.

१७ मार्च
दुसऱ्यांदा अजून विचारलेलं नाही. प्रज्ञेशला काम फार. माझा पासपोर्ट सहज दिसेल असा टीव्हीपाशी ठेवला. पूर्वाने तो कपाटात ठेवला. आई, हरवेल, म्हणाली. जबाबदार सून.

२ एप्रिल
फ्रेंच पद्धतीने जेवण. आधी कोशिंबीर, ताटली उचलायची. मग पोळी-भाजी, ताटली उचलायची. मग वरण-भात. सोनू म्हणाला, आजी, भाजी गेली, आता भात कशाशी खाऊ? ह्यांनी सगळं एकत्र कालवलं आणि हात धुऊन मोकळे. ह्यांचं नाव क्लासमधून काढून टाकलं.

११ एप्रिल
टेबलावर व्हिसाच्या पाच फाइली. मोजल्या. प्रज्ञेश, पूर्वा, मैत्री, सोनू आणि मी. कुणी बोलत नाही, म्हणजे सरप्राइज असणार. उघडून पाहिल्या नाहीत. संस्कार आहेत.

१२ एप्रिल
सगळे व्हिसाच्या ऑफिसात गेले. हेही. गाडीपाशी कुणीतरी बसायला लागतंच. तिथे बोटांचे ठसे घेतात म्हणे. ज्येष्ठ नागरिकांचा दिवस वेगळा असणार. आल्यावर ह्यांची बोटं पाहिली. शाई नव्हती. खात्री झाली.

२८ एप्रिल
राहवेना. प्रज्ञेशला सहज विचारलं, माझी सीट खिडकीची आहे का. आई, तू नाही म्हणालीस ना, म्हणाला. मी म्हटलं, एकदाच. तो म्हणाला, तू एकदाच बोलतेस. आठवीत मी सहलीचं दुसऱ्यांदा विचारलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस.
तेवढ्यात मैत्री वही घेऊन आली. नियम चौथा. माझ्याच अक्षरात. माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी!
पाचवी फाइल ह्यांची. हल्ली ठसे शाईने घेत नाहीत. आता व्हिसाला तारीखही मिळत नाही.
चाळीस वर्षं घराला शिस्त लावली. ती शिस्तच फितूर झाली.
निश्चय: बॅगांना हात लावायचा नाही.

२९ एप्रिल
बॅगा भरल्या. चटणीच्या पुड्या पाच.
हे म्हणाले, तू नाहीस तर मीही राहतो. मी म्हटलं, माझ्यासाठी मुळीच अडू नका. हे बरं म्हणाले आणि गुडघ्याचा पट्टा बॅगेत टाकला.

९ मे, दुपारी तीन
पॅरिसहून मैत्रीचा व्हिडिओ कॉल. आबा बेकरीत शिरताच बोंजूर म्हणाले, मालकिणीने त्यांना एक बिस्कीट जास्त दिलं. जे झोपून शिकले, त्यांना.
मागे पूल होता. तोच. मैत्रीला म्हटलं, जरा बाजूला हो, ऊन येतंय.
तिने विचारलं, आजी, तुला काय आणू? मी म्हटलं, मला काही नको. ती ओके म्हणाली. कॉल संपला.
दुसऱ्यांदा विचारेल. फोन चार्जिंगला लावून जवळ बसले आहे.